बेने इस्राएलांची विद्यासाधना

मुलांस अन्न आणि वस्त्र पुरविणे हे आईबापांचे कर्तव्य होय, असे सर्वच समाज मानतात. ज्यू लोकांच्या धर्मात याच्या जोडीस आणखी एक कर्तव्य सांगितले आहे. ते म्हणजे मुलांस शिकविणे. 'शेमा' ही ज्यूंची मुख्य प्रार्थना. परमेश्वर एकच आहे, ही तिची घोषणा. ह्या प्रार्थनेच्या पुढील भागात, धर्मवचनांची चर्चा आपल्या मुलांबरोबर घरीदारी आणि सकाळसंध्याकाळ चालू ठेवावी, अशी आज्ञा केली आहे. ती प्रथम आईबापांसाठी आहे. शाळा आणि शिक्षक त्यांच्यामागून आले.

शाळा कशी आली, याचीही एक हकीकत ज्यूंच्या तालमूद ग्रंथात आढळते. फार पूर्वी प्रत्येक बाप आपल्या मुलास घरी शिकवीत असे. परंतु ज्या मुलास बापच नाही, ते बिचारे अडाणी राहू लागले. ही उणीव दूर करण्यासाठी प्रथम जेरुसलेम शहरात आणि नंतर इतर ठिकाणी शिक्षक नेमण्यात आले. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात यहोशुआ बेन गामला नावाच्या मुख्य धर्मगुरूने प्रत्येक गावी शाळा असावी आणि सहासात वर्षांच्या मुलांस तीत घालावे, अशी व्यवस्था केली. एका शिक्षकाकडे पंचवीस मुले असावीत. चाळीस झाल्यास त्यास मदतनीस द्यावा. पन्नास झाल्यास दोन शिक्षक नेमावेत, असा नियमही त्याच ग्रंथात सांगितला आहे. दीडदोन हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या शिक्षकांसही पटेल! मात्र ह्या शाळा त्या काळी मुलग्यांपुरत्याच होत्या. मुलींचे शिक्षण घरात, आईच्या हाताखाली होत असे.

शाळा निघाल्या, तरी आईबापांची जबाबदारी सरली नाही. पेसाहच्या सणाचेच उदाहरण घेऊ. ईजिप्त देशातील गुलामगिरीतून आपल्या पूर्वजांची सुटका झाली, तिचे स्मरण ज्यू लोक ह्या सणात करतात. सणाच्या रात्री सारे कुटुंब एकत्र बसते. घरातील सर्वांत लहान मूल वडिलांस प्रश्न विचारते : आज बिनखमिराची भाकरी का? हा कडू पाला का? ह्या प्रश्नांच्या उत्तरांतून सुटकेची सारी कथा सांगितली जाते. ज्या मुलास प्रश्नच सुचत नाही, त्याच्यासाठी बापाने आपण होऊन कथेस आरंभ करावा, असेही सांगितले आहे. मूल विचारणार, हे ठाऊक असल्यामुळे वडील माणसांस आपला पाठ पक्का ठेवावा लागतो. अशा रीतीने एकाच बैठकीत लहानथोर दोघांचेही शिक्षण होते.

परंतु ज्यांच्यापाशी ग्रंथ नाही, भाषा नाही आणि शिकविणारा गुरूही नाही, अशा लोकांनी आपल्या मुलांस काय शिकवावे? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, कुलाबा जिल्ह्याच्या म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या समुद्रकाठी, एका लहानशा समाजाने दिले आहे. तो समाज म्हणजे बेने इस्राएल. ह्या शब्दांचा अर्थ 'इस्राएलची मुले' असा आहे.

बेने इस्राएल लोकांत एक कथा परंपरेने चालत आली आहे. शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. जी बुडाली, त्यांची प्रेते नवगावास पुरली. जवळचे सारे ग्रंथ समुद्राने गिळले. वाचलेल्या माणसांनी कोकणात घरे केली. कालांतराने ती मराठी बोलू लागली. त्यांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करला आणि ज्या गावी राहिले, त्या गावावरून आडनावे घेतली. पेणचे ते पेणकर झाले, रोह्याचे ते रोहेकर झाले, किहीमचे ते केहीमकर झाले. भाषेने, वेशाने आणि आडनावाने ते शेजाऱ्यांसारखेच दिसू लागले.

तरीही एक गोष्ट शेजाऱ्यांच्या ध्यानात येई. शनिवारी ह्या तेल्यांचा घाणा बंद असे. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस होय. त्या दिवशी काम करावयाचे नाही, हा नियम त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाळला. त्यामुळे लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणू लागले. मुलगा जन्मल्यावर आठव्या दिवशी त्याची सुंता करावयाची, हा विधीही ते चुकवीत नसत. हिब्रू भाषा विसरली होती. पण 'शेमा' प्रार्थनेचे शब्द त्यांच्या ओठांवर राहिले होते. लग्न असो वा मृत्यू असो, तेच शब्द उच्चारले जात.

सणांची हिब्रू नावे ते विसरून गेले, तेव्हा त्यांनी सणांस मराठी नावे दिली. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण' झाला. एका सणास खीर करीत, म्हणून तो 'खिरीचा सण' झाला. ज्या दिवशी सर्वांनी पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून घेऊन कडक उपवास करावयाचा, त्यास 'दारफळणीचा सण' हे नाव मिळाले. दारे का लावावयाची, याचे शास्त्र सांगणारा ग्रंथ घरात नव्हता. परंतु आजीने दार लावलेले आईने पाहिले होते आणि आईने दार लावलेले मुलाने पाहिले होते. ह्या पाहण्यातूनच त्यांचे शिक्षण झाले.

दाविद राहाबी नावाच्या एका ज्यू प्रवाशाची कथा ह्या संदर्भात सांगितली जाते. तो कोकणात आला असता त्याच्या कानी ह्या शनिवार तेल्यांची वार्ता आली. हे खरोखरच ज्यू असतील काय, अशी त्यास शंका आली. त्याने निरनिराळ्या जातींचे मासे आणून एका घरच्या स्त्रियांस रांधावयास दिले. त्या स्त्रियांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले व बाकीचे बाजूस सारले. ज्यूंच्या धर्मग्रंथात अगदी हाच नियम आहे. ज्यांनी तो ग्रंथ कधी पाहिला नव्हता, त्या स्त्रियांनी ग्रंथातील नियम आपल्या चुलीपाशी जिवंत ठेवला होता! राहाबीची खात्री पटली. त्याने झिराटकर, शापूरकर आणि राजपूरकर ह्या तीन घराण्यांतील तरुणांस निवडून हिब्रू प्रार्थना आणि धर्मविधी शिकविले. पुढे ह्या घराण्यांतील पुरुष 'काजी' म्हणून गावोगाव जात, विधी चालवीत आणि लोकांचे तंटे मिटवीत. राहाबी नेमका केव्हा होऊन गेला, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. कथेतील मर्म मात्र स्पष्ट आहे. ज्या समाजाने घरातले शिक्षण टाकले नव्हते, त्यास गुरू भेटताच पुढचा पाठ घेता आला.

अठराव्या शतकात बेने इस्राएल कुटुंबे मुंबईस येऊ लागली. कोणी सुतारकाम व बांधकाम करू लागले, कोणी इंग्रजांच्या फौजेत शिरले. फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझेकिएल दिवेकर हे म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडले. सुखरूप सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केल्याचे सांगतात. सुटका होताच त्यांनी १७९६ साली मुंबईच्या मांडवी भागात बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. सॅम्युएल स्ट्रीट हा तेथील रस्ता आजही त्यांचे नाव सांगतो. मंदिरासाठी धर्मग्रंथाची गुंडाळी आणावी म्हणून ते कोचीनला गेले आणि तेथेच १७९७ साली त्यांचे निधन झाले. मंदिर उभे राहिले होते. आता त्यात बसून ग्रंथ वाचणारी माणसे तयार व्हावयाची होती.

हे काम एकोणिसाव्या शतकात झाले आणि त्यास अनेकांचे हात लागले. कोचीनहून ज्यू शिक्षक आले आणि त्यांनी प्रार्थना व विधी शिकविले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही शाळा काढल्या. स्कॉटलंडचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत छापले. ह्या लोकांनी ख्रिस्ती व्हावे, असा मिशनऱ्यांचा हेतू होता. बेने इस्राएलांनी त्यांच्यापासून अक्षरविद्या घेतली, 'जुना करार' मराठीत वाचला. परंतु फारच थोड्यांचा अपवाद सोडल्यास कोणी आपला धर्म सोडला नाही. उलट, आपल्या पूर्वजांच्या कथा स्वतःच्या बोलीत प्रथमच वाचावयास मिळाल्यामुळे त्यांची धर्मावरील निष्ठा अधिकच दृढ झाली.

मराठी मुलास हिब्रू शिकताना काय वाटत असेल, याची कल्पना करून पाहा. हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. तिच्यात बावीस अक्षरे आहेत आणि ती सारी व्यंजने आहेत. आपण अक्षरास काना, मात्रा, वेलांटी देतो, त्याचप्रमाणे हिब्रूत स्वर दाखविण्यासाठी अक्षराच्या खाली, वर किंवा पोटात टिंबे व रेघा देतात. बाराखडी घोकलेल्या मुलास ही युक्ती सहज उमगण्यासारखी होती. आणखी एक गोष्ट ह्या शिक्षणात विशेष होती. बापासही हिब्रू येत नव्हते आणि मुलासही येत नव्हते. एरवी बाप शिकवितो आणि मुलगा शिकतो. येथे दोघेही एकाच पाठाचे विद्यार्थी होते आणि दोघांसही हात देणारी भाषा एकच होती, ती म्हणजे मराठी.

पेसाहच्या रात्री वाचावयाच्या पोथीस 'हागादा' म्हणतात. ही पोथी मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईस छापली गेली. १८७४ साली पुण्यास दुसरी एक हागादा निघाली. तिच्यातील चित्रांत आपल्या इकडच्या पेहरावातील स्त्रिया बिनखमिराची भाकरी करताना दाखविल्या आहेत. एका बाजूस हिब्रू आणि एका बाजूस मराठी असे पुस्तक हाती आल्यामुळे लहान मुलाच्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या घरास समजू लागले. ज्या आजीस अक्षरओळख नव्हती, तिलाही नातवाने वाचलेला मराठी मजकूर कळू लागला. मागे आजीने आचार शिकविला. आता नातू तिला त्याचा अर्थ सांगू लागला.

भाषांतराच्या ह्या कार्यात सर्वांत मोठा वाटा जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांचा आहे. त्यांचा जन्म १८३४ सालचा. मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे ते पुष्कळ वर्षे मुख्याध्यापक होते. दिवसा शाळा सांभाळून त्यांनी ज्यूंच्या प्रार्थनांची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. मुंबई विद्यापीठाने त्यांस हिब्रूचे परीक्षक नेमले. ज्या समाजात काही पिढ्यांपूर्वी हिब्रूचे एक पान वाचणारा मिळत नव्हता, त्याच समाजातील गृहस्थ विद्यापीठात हिब्रूची परीक्षा घेऊ लागला! राजपूरकर १९०५ साली वारले.

परंतु सगळ्यांनाच पुस्तके वाचता येत नव्हती. त्यांचे काय? येथे महाराष्ट्राची एक जुनी परंपरा मदतीस आली. ती म्हणजे कीर्तन. आपल्या हिंदू शेजाऱ्यांची कीर्तने ऐकून काही बेने इस्राएल गृहस्थांस वाटले की, ह्याच रीतीने आपल्याही धर्मकथा सांगाव्यात. सुमारे १८८० साली त्यांनी कीर्तनास आरंभ केला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, आर्या अशा वृत्तांत रचली गेली. योसेफास त्याच्या भावांनी कसे विकले आणि पुढे त्याने त्यांस कशी क्षमा केली, ही कथा मराठी चालींवर ऐकताना म्हातारी माणसे, सुवासिनी आणि मुले एकाच सतरंजीवर बसत. कीर्तनास परीक्षा नसते, इयत्ता नसते. तरी तेथून उठताना प्रत्येकजण काही शिकून उठतो. बेने इस्राएल स्त्रियांनी ही गाणी पुढे वह्यांत उतरून घेतली आणि लेकीसुनांस शिकविली.

धर्मशिक्षणाबरोबर व्यवहारातील शिक्षणही हवे, हे ह्या समाजातील विचारवंतांनी ओळखले. हाईम सॅम्युएल केहीमकर हे त्यांतील प्रमुख. बंधूंच्या व मित्रांच्या साहाय्याने त्यांनी १८७५ साली मुंबईत 'इस्राएलाइट स्कूल' ही शाळा काढली. तेथे मराठी व इंग्रजी यांच्या जोडीस हिब्रूही शिकवीत. केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहासही लिहिला. १८९७ साली लिहून झालेला हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली तेल अवीव शहरी प्रसिद्ध झाला. आजी-आजोबांच्या तोंडच्या कितीतरी कथा त्यामुळे नष्ट होण्यापासून वाचल्या. पुढे ह्या शाळेस सर एली कदुरी यांचे नाव देण्यात आले. १९२२ पासून १९५० पर्यंत रेबेका रूबेन ह्या विदुषी ह्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. एके काळी ज्या समाजातील मुलींची शाळा म्हणजे आईचे स्वयंपाकघर, त्याच समाजातील एक स्त्री साऱ्या शाळेची धुरा वाहू लागली, ही गोष्ट लहान नव्हे. ह्या शाळेचे दार इतर धर्मांच्या मुलांसही उघडे राहिले. मुंबईतील ज्यूंची संख्या घटल्यावर शाळेत तीच मुले बहुसंख्य झाली.

ही संख्या घटण्याचे कारण असे. १९४८ साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली. त्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची वस्ती सुमारे वीस हजार होती. त्यांतील बहुतेक कुटुंबे पुढील काळात इस्राएलला जाऊन राहिली. तेथे त्यांची एक कठीण परीक्षा झाली. १९६२ च्या सुमारास तेथील धर्माधिकाऱ्यांनी, हे लोक पूर्णपणे ज्यू आहेत काय, अशी शंका घेऊन लग्नाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे ठरविले. ज्यांनी ग्रंथावाचून, गुरूवाचून आपला धर्म जतन केला, त्यांनाच आपले ज्यूपण सिद्ध करावे लागावे, हे त्यांस फार झोंबले. त्यांनी निषेध केला, सत्याग्रह केला. अखेर १९६४ साली इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत, असे घोषित केले.

आता तेथील मुलांस हिब्रू शिकविण्याची निराळी खटपट करावी लागत नाही. तीच त्यांची रोजची भाषा झाली आहे. मराठी मात्र मागे पडू पाहते. पूर्वी कोकणात जे हिब्रूचे झाले, ते इस्राएलमध्ये मराठीचे होऊ नये, म्हणून तेथील वडीलधारी मंडळी झटत आहेत. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालविले. महाराष्ट्र दिन साजरा करण्याची प्रथा पाडली. स्त्रिया कीर्तनातील जुनी मराठी गाणी अद्याप गातात आणि नातवंडे त्यांचा अर्थ विचारतात. तो सांगावयाचा, तर आजीस पुन्हा एकदा शिक्षिका व्हावे लागते.

भारतात आज काही हजारच ज्यू उरले आहेत. त्यांतील बहुतेक महाराष्ट्रात राहतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांस अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. अलिबाग, पनवेल, पुणे, मुंबई येथील त्यांच्या प्रार्थनामंदिरांत शनिवारी प्रार्थना होते. तिच्यासाठी दहा जण जमावे लागतात. काही ठिकाणी तेवढीही माणसे मिळणे कठीण जाते. परंतु मंगलप्रसंगी पोहे, खोबरे, साखर व फळे एकत्र करून केलेला 'मलिदा' अजून घरोघरी होतो. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करून प्रथम सर्वजण प्रार्थना म्हणतात आणि मग मलिदा वाटतात. ताटाभोवती बसलेले मूल विचारते, आणि कोणीतरी त्यास उत्तर देते.

पुस्तके पाण्यात बुडाली, तरी विद्या बुडत नाही, असे ह्या समाजाचा इतिहास सांगतो. मात्र त्यासाठी घरात विचारणारे मूल हवे आणि उत्तर देण्याची तसदी घेणारे वडीलधारे माणूसही हवे. आपल्या घरातील सणांची, आडनावांची आणि गाण्यांची हकीकत आपण आजी-आजोबांस कधी विचारली आहे काय? विचारली नसल्यास, ती विचारण्यास आजचा दिवस चांगला आहे.

शब्दार्थ

खमीर : पीठ आंबवून फुगविणारा पदार्थ. बिनखमिराची : न आंबविलेल्या पिठाची. घाणा : तेल गाळण्याचे यंत्र. आख्यान : कीर्तनात सांगितली जाणारी कथा. धुरा वाहणे : जबाबदारी सांभाळणे. मर्म : मुख्य अर्थ, सार. विदुषी : विद्वान स्त्री.

अभ्यास

१. ज्यू लोकांत मुलांसाठी शाळा का काढाव्या लागल्या?
२. बेने इस्राएलांस 'शनिवार तेली' हे नाव का पडले?
३. दाविद राहाबी याने कोणती परीक्षा घेतली? तीत स्त्रियांनी काय केले? त्यावरून काय दिसून येते?
४. 'बाप आणि मुलगा एकाच पाठाचे विद्यार्थी होते', असे लेखकाने का म्हटले आहे?
५. पुढील व्यक्तींनी केलेले कार्य दोन-तीन वाक्यांत सांगा : सामाजी हसाजी दिवेकर, जोसेफ इझेकिएल राजपूरकर, हाईम सॅम्युएल केहीमकर, रेबेका रूबेन.
६. कारणे द्या : (अ) बेने इस्राएलांनी सणांस मराठी नावे दिली. (आ) धर्मकथा सांगण्यासाठी त्यांनी कीर्तनाचा आश्रय घेतला.
७. वाक्यांत उपयोग करा : हात देणे, मनास झोंबणे, खात्री पटणे, मागे पडणे.
८. तुमच्या घरात साजऱ्या होणाऱ्या एखाद्या सणाची माहिती घरातील वडील माणसांस विचारून पंधरा ओळींत लिहा.